पडद्यावरचे गायकवाड, आमचे गायकवाड

वर्षावासात आमच्या विहारात रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. वाचन संपते, सरणत्तय होते, मग चहाचे कप फिरू लागतात आणि खरी सभा तेव्हा भरते. गेल्या वर्षावासात अशाच एका संध्याकाळी सातपूरला कारखान्यात पॅकिंगच्या कामाला जाणाऱ्या एका ताईंनी आम्हांला दारातच गाठले. म्हणाल्या, “तुम्ही पेपरात लिहिता ना? मग माझ्या पोरीला चार शब्द सांगा. इलेक्शनला उभी राहते म्हणते.”

पोरगी तिथेच सतरंज्यांच्या घड्या घालत होती. वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. वस्तीतले जातीचे दाखले, रेशनकार्डातली नावे, म्हाताऱ्यांचे पगार, असल्या अर्जांचे काम गेली तीन-चार वर्षे तीच करते. नाशिक महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे कित्येक वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. शहरात १२२ नगरसेवक होते, ते सगळे एका दिवसात माजी झाले. गटार तुंबले, नळाला गढूळ पाणी आले, तर जायचे कोणाच्या दारात? लोक या पोरीच्या दारात जाऊ लागले. तेव्हा लोकच म्हणू लागले की बाई, तूच उभी राहा. निवडणूक लागणार, लागणार, अशी हवा तेव्हा होतीच.

“मग चांगलेच आहे की,” आम्ही म्हणालो.

“काय चांगलं? मी बघितलंय सगळं. पोराच्या मोबाइलवर. खुर्चीसाठी सख्ख्या बहिणीने भाऊ संपवला. बाप पोटच्या लेकीच्या मुळावर उठला. असल्या धंद्यात पोर घालू मी?”

तर हा सगळा प्रताप ‘सिटी ऑफ ड्रीम्स’ या मालिकेचा. मे २०१९ मध्ये तिचे पहिले पर्व आले, दुसरे २०२१ साली आणि तिसरे २०२३ साली. नागेश कुकुनूर यांचे दिग्दर्शन. भाषा हिंदी, पण गोष्ट मुंबईच्या राजकारणाची आणि घर मराठी. आडनाव गायकवाड! अतुल कुलकर्णी यांनी अमेयराव गायकवाड हा बडा पुढारी केला आहे, प्रिया बापट यांनी त्याची मुलगी पूर्णिमा आणि सिद्धार्थ चांदेकर यांनी मुलगा आशिष. सचिन पिळगावकर यांचा जगदीश गुरव म्हणजे प्रत्येक दरबारात असतो तसला मुरलेला माणूस. अमेयरावांवर गोळ्या झाडल्या जातात, ते बेशुद्धावस्थेत पडून राहतात आणि खुर्ची कोणाची यावरून भाऊ-बहिणीत जुंपते.

ताईंना उत्तर द्यायचे तर पाहिल्याशिवाय कसे द्यावे? आम्ही भाच्याचा फोन मागून घेतला आणि रोज रात्री जेवणानंतर एक-दोन भाग असे करत तिन्ही पर्वे संपवली. आमच्या सौभाग्यवती दुसऱ्याच भागात उठून गेल्या. शिव्या फार, आणि घरातल्या मुलांसमोर लावू नयेत अशी दृश्येही आहेत. ज्या माताभगिनी हे पान वाचतात त्यांना एवढे सांगून ठेवतो की, मुले झोपल्यावरच पाहा.

पण पाहण्यासारखे नाही असे आम्ही म्हणणार नाही. अतुल कुलकर्णींचा अमेयराव डोळ्यांनीच माणूस मोजतो. पूर्णिमा सुरुवातीला बापाच्या सावलीत उभी असते, आणि मग एकेक पायरी चढताना तिचा आवाज, तिची मान, तिची साडीसुद्धा बदलत जाते. ती मुख्यमंत्रिपदापर्यंत पोचते. पोचते ती मात्र भावाचा बळी देऊन. दुसऱ्या पर्वात बापच तिला खाली खेचायला निघतो. बाई राजकारणात आली की तिच्या खाजगी आयुष्याची लक्तरे कशी वेशीवर टांगतात, हेही मालिकेने बरोबर पकडले आहे. ताईंना खरी धास्ती बहुधा त्याचीच. वस्तीत काय बोलले जाईल, पोरीचे लग्न कसे जमेल, ही धास्ती आईच्या पोटात असते, ती मालिकेने घातलेली नाही. मालिकेने तिला फक्त चेहरा दिला.

आम्हांला बोचले ते वेगळेच. तीन पर्वे पाहिली, पण आपला माणूस शोधूनही सापडेना. वस्ती दिसते ती वरून, उंचावरच्या कॅमेऱ्यातून, पत्र्यांचा समुद्र म्हणून. माणसे दिसतात ती सभेतली गर्दी म्हणून, नाहीतर गाडीपुढे घोषणा देणारी पोरे म्हणून. ज्यांच्या मतांवर ही खुर्ची उभी, त्यांच्या घरातला एखादा माणूस काय विचार करतो, त्याने मत का दिले, पुढच्या वेळी तो का देणार नाही, हे मालिकेला महत्त्वाचे वाटत नाही. राजकारण म्हणजे एका बंगल्यातल्या चार-पाच जणांचे भांडण, बाकी महाराष्ट्र प्रेक्षक.

यात नवे काही नाही म्हणा. १९७९ साली ‘सिंहासन’ आला होता. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी पटकथा लिहिली, जब्बार पटेलांनी दिग्दर्शन केले. अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री, डॉ. लागूंचा विश्वासराव दाभाडे आणि या सगळ्याच्या मधून हिंडणारा निळूभाऊंचा पत्रकार दिगू टिपणीस. तोही सिनेमा सत्तेच्या घाणीचाच. तरी त्यात मंत्रालयाच्या बाहेरचे शहर होते, कामगार होते, पोटाची मारामार होती. शेवटी दिगूचे जे होते ते पाहून आम्ही तरुणपणी बराच वेळ गप्प बसलो होतो. याच जब्बार पटेलांनी पुढे ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा चित्रपट केला, तो २००० साली आला. ज्याने सत्तेचा चिखल दाखवला त्यालाच बाबासाहेब दाखवावेसे वाटले, याचा आम्हांला तेव्हापासून विशेष वाटत आला आहे.

आणखी एक योगायोग. ‘सिटी ऑफ ड्रीम्स’ ज्या मे २०१९ मध्ये सुरू झाली, त्याच महिन्यात स्टार प्रवाहवर ‘महामानवाची गौरवगाथा’ ही बाबासाहेबांवरची मालिका सुरू झाली. सागर देशमुख यांनी बाबासाहेब केले. त्या दिवसांत आमच्या गल्लीत मालिकेच्या वेळेला नळावर भांडण होत नसे! आजही एकाच घरात आजी ती जुनी मालिका मागते आणि नातू हा गायकवाडांचा खेळ पाहतो. एकाच मोबाइलवर.

असो. आडनावाचे बोलत होतो. गायकवाड हे आडनाव नाशिकात उच्चारले की आमच्या पिढीला एकच माणूस आठवतो. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावात १५ ऑक्टोबर १९०२ रोजी जन्मलेले भाऊराव कृष्णराव, म्हणजे कर्मवीर दादासाहेब गायकवाड. त्यांच्याही घराभोवती सत्ता होती, निवडणुका होत्या, पडणे-निवडून येणे होते, माणसे जोडणे-तुटणे होते. त्यावर कोणी मालिका काढलेली नाही. काढायला हवी, मसाला कमी पडणार नाही.

२ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा दादासाहेब अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. सत्याग्रह समितीचे चिटणीसपण त्यांच्याकडे. देवळाची दारे बंद झाली. रामनवमीला रथाच्या वेळी दगड खाल्ले, डोकी फुटली, बायाबापड्या तुरुंगात गेल्या. हे वर्षानुवर्षे चालले. आणि मग मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी भाऊरावांना एक पत्र लिहिले. मजकूर आमच्या शब्दांत सांगायचा तर असा की, आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून आपण हा लढा केला नव्हता. त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून केला. ते काम झाले. आता शक्ती लावायची ती राजकारणात आणि शिक्षणात.

पंचवटीतून जाताना आम्ही या पत्राचा विचार करतो. देवळाचे दार उघडले नाही म्हणून बाबासाहेब रुसून बसले नाहीत. त्यांनी दुसरे दार दाखवले, विधिमंडळाचे. पुढच्याच वर्षी १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यात येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली, १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष निघाला आणि १९३७ च्या निवडणुकीत दादासाहेब मुंबई विधिमंडळावर निवडून गेले. म्हणजे आपले राजकारण कुणाच्या बंगल्यात जन्मले नाही. बंद दारासमोर बसून बसून ते जन्मले.

ताईंना हे पहिल्या भेटीत सांगितले तर त्या म्हणाल्या, “ते दिवस गेले. ती माणसं गेली.” यावर आम्हांला पटकन उत्तर सुचले नाही, हे कबूल करतो. कारण त्या दिवसांतही सगळे सोवळे नव्हते. १९५७ साली दादासाहेब शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनतर्फे नाशिकमधून लोकसभेवर गेले, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. आणि दहा वर्षेही नीट नांदला नाही. कोणाशी युती करायची, कोणी पुढारी व्हायचे, यावरून आपलीच माणसे एकमेकांची तोंडे पाहीनाशी झाली. दादासाहेबांवरही टीका झाली आणि ती करणारेही बाबासाहेबांचेच अनुयायी होते. १९९८ च्या लोकसभेत ऐक्याचे चार खासदार निवडून आले. अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि मुंबईतून रामदास आठवले. चारही जागा खुल्या! त्या रात्री आमच्या वस्तीत पेढे संपले म्हणून गूळ वाटला होता. पुढची निवडणूक आली तोवर ऐक्याचे काय झाले ते वाचकांना ठाऊक आहे. तेव्हा भाऊ भावाचा काटा काढतो हे पाहण्यासाठी आपल्याला वेगळ्या मालिकेचे पैसे भरायला नकोत.

पण म्हणून काय करायचे? आम्ही स्वतःच गेली वीसएक वर्षे एक सोय लावून घेतली आहे. मत द्यायचे, बोटाची शाई दाखवायची आणि मग ‘राजकारण म्हणजे गटार’ म्हणून हात झटकायचे. याच सदरात आम्ही तसे एक-दोनदा लिहिलेही आहे. ती मालिका पाहताना मध्यरात्री आमच्या मनात आले की, हा किळस कोणाच्या कामाचा? अमेयरावाच्या. चांगल्या माणसांना राजकारणाचा किळस आला की अमेयरावाला रान मोकळे. शिवाय बंगल्यातल्या माणसाला किळस परवडतो, त्याची कामे फोनवर होतात. आपले गटार तुंबते ते खरेखुरे असते, आणि ते साफ करायला जो उतरतो तोही बहुतेक आपल्यातलाच असतो.

दुसऱ्यांदा भेट झाली ती त्यांच्याच घरी, रविवारी. आम्ही सोबत शांताबाई दाणी यांचे ‘रात्रंदिन आम्हा’ नेले होते. भावना भार्गवे यांनी शब्दांकन केलेले हे आत्मकथन विहाराच्या कपाटात आहे, पण फारसे कोणी मागत नाही. शांताबाई नाशिकच्याच. मुलीला शिकवणे हेच धाडस होते अशा काळात त्या शिकल्या. दादासाहेबांनी त्यांना चळवळीत आणले. लग्न केले नाही. फेडरेशनच्या सभांसाठी गावोगाव हिंडल्या, तुरुंगात गेल्या, मुलींसाठी रमाबाई आंबेडकरांच्या नावाने वसतिगृह चालवले आणि १९६८ मध्ये विधान परिषदेवर गेल्या. राजकारणातली बाई. कोणाची मुलगी म्हणून नव्हे, कोणाची बायको म्हणून नव्हे. पूर्णिमा गायकवाडला बापाचे नाव होते आणि बापाचाच अडथळा होता. शांताबाईंना बोलावणे आले ते समाजाचे होते.

ताईंनी पुस्तक हातात घेतले, उलटसुलट पाहिले. “यांच्यावर पण बोलले असतील लोक?”

“बोलले असतीलच की. एकटी बाई, रात्रीबेरात्री सभा, लोक सोडतात होय?”

तेवढ्यात आतून आजी बाहेर आल्या. ताईंच्या सासूबाई. वय सत्तरीच्या पलीकडचे, कान थोडे कमी, पण गोष्टीचा धागा बरोबर पकडतात. म्हणाल्या, “दादासाहेबांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात माझी माय जेलात गेली होती. धाकटा भाऊ अंगावर पीत होता, त्याला घेऊन गेली. मी आजीजवळ राहिले. मी नऊ वर्षांची. लोक म्हणायचे, काय बाई आहे, पोरं टाकून जेलात बसली.”

तो सत्याग्रह ६ डिसेंबर १९६४ ला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी सुरू झाला. पडीक जमिनी भूमिहीनांना द्या, ही मोठी मागणी, आणि संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, हीसुद्धा. देशभरातून लाखो माणसे तुरुंगात गेली. तैलचित्र लागले १२ एप्रिल १९९० ला. दादासाहेब तोवर नव्हते, २९ डिसेंबर १९७१ रोजीच ते गेले. आजींची मायही नव्हती. त्याच १९९० साली बौद्धांना अनुसूचित जातींच्या यादीत केंद्राने जागा दिली. १९५६ ला दीक्षा घेतलेल्यांना चौतीस वर्षे थांबावे लागले. हा दाखला आज जी पोरगी वस्तीतल्या मुलांना काढून देते, तिच्या पणजीचे त्यात दोन महिने जेलातले आहेत. हे आम्ही तिला म्हणालो नाही. तिला ठाऊक असावे असे वाटले, कारण ती आजीकडे पाहत होती.

ताई मात्र अजून अडून होत्या. त्यांचा खरा मुद्दा शेवटी निघाला. “आणि पडली तर? कर्ज काढून उभी राहील आणि पडेल. मग लोक हसतील. तिचे पप्पा हाय खातील.”

पोरगी आजवर काही बोलली नव्हती. ती म्हणाली, “आई, बाबासाहेब पडले होते.”

खरेच होते ते. १९५२ च्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत, ज्यांनी या देशाला राज्यघटना दिली ते बाबासाहेब उत्तर मुंबईत पडले. निवडून आले ते काँग्रेसचे काजरोळकर. त्याआधी सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला होता, त्यात मोठे कारण हिंदू कोड बिलाचे, म्हणजे बायकांच्या हक्काचे. ज्या खुर्चीसाठी मालिकेतली माणसे एकमेकांना मारतात, तसली खुर्ची त्यांनी बायकांच्या वारसाहक्कासाठी आणि घटस्फोटाच्या हक्कासाठी सोडली. पुढे १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही ते पडले. शिष्य म्हणवणाऱ्यांनी पराभवाची जी लाज बाळगली, ती त्यांनी स्वतः कधी बाळगल्याचे आमच्या वाचनात नाही. ते राज्यसभेत गेले आणि बोलत राहिले.

घरात थोडा वेळ कोणी बोलले नाही. टीव्हीवर आवाज बंद करून क्रिकेट चालू होते.

आम्ही पोरीला दोन गोष्टी सांगितल्या, कारण ताईंनी आम्हांला त्यासाठीच बोलावले होते. पहिली म्हणजे पाकिटाची. मतदानाच्या आदल्या रात्री आपल्या वस्तीत काय वाटले जाते ते सगळ्यांना ठाऊक आहे. तू वाटणार नाहीस, आणि समोरचा वाटेल, तेव्हा आपलीच माणसे डोळे चुकवतील. त्यांच्यावर तेव्हा चिडू नकोस, त्यांच्या घरात हप्ता थकलेला असतो. दुसरी गोष्ट, स्वतःभोवती टाळ्या वाजवणारे जमू देऊ नकोस. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी राजकारणातल्या व्यक्तिपूजेचा धोका सांगितला होता. आपण त्यांचे सगळे लक्षात ठेवले, तेवढे सोयीने विसरलो. महत्त्वाकांक्षा वाईट नसते, बाई. दादासाहेबांनाही होती, शांताबाईंनाही असणार. ती कशासाठी आहे हे विचारणारे दोन माणूस घरात असले म्हणजे झाले.

“आई आहेच,” पोरगी म्हणाली. यावर पहिल्यांदा ताई हसल्या.

परतताना आम्ही मुद्दाम त्रिरश्मीच्या रस्त्याने आलो. डोंगराच्या पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचे स्मारक आहे आणि त्याला लागूनच बुद्धविहार. सुट्टीचा दिवस म्हणून गर्दी होती. या जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या माणसाने १९१३ साली देशाला पडदा दिला, आणि त्याच्या शेजारी दोन हजार वर्षांपूर्वीची आपली लेणी. पडद्यावर आपण अजून गर्दीतच उभे आहोत. कोणीतरी एखादा पोरगा कॅमेरा घेऊन येईल आणि काळारामाच्या दारापासून गोष्ट सुरू करील, अशी आम्हांला आशा आहे. नाशिकच्या पोरांनो, हे वाचत असाल तर पाहा बुवा.

चार दिवसांनी ताई कारखान्याच्या बसमधून उतरताना भेटल्या. हातात डबा, खांद्याला पिशवी. ‘रात्रंदिन आम्हा’ निम्मे वाचून झाले, रात्री आजींना मोठ्याने वाचून दाखवते, असे म्हणाल्या. मोबाइलवरची ती मालिका बंद केली का, असे आम्ही विचारले. “छे, तिसरं पर्व राहिलंय ना,” म्हणाल्या. चार पावले पुढे गेल्या आणि परत वळल्या.

“अहो, ती अनामत किती भरावी लागते हो?”